अकरा जागांना सतरा बोलावणी

प्रा. श्रीनिवास मेहेंदळे यांना त्या वर्षी अकरा मुलं मिळाली, तर प्राचार्यांची खुर्ची मिळणार होती. खुर्चीबरोबर एसी असलेली खोली, दारावर पाटी, आणि कसबा पेठेतल्या त्यांच्या सोसायटीला पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं की 'प्राचार्य काय म्हणतात ते विचारा' असं म्हणायची सोय. शिवाय ज्या तीन प्राचार्यांच्या हाताखाली आपण आयुष्य घालवलं, त्यांच्यापेक्षा हे काम आपल्याला बरं जमलं असतं, हे मनातल्या मनात न म्हणता करून दाखवायची संधी. हा शेवटचा फायदा ते स्वतः सगळ्यांत वर मांडत. हिशेबात माणूस खोटा नव्हता, फक्त रकमा लिहिण्याचा क्रम आपल्या सोयीनं लावायचा. जोखीम काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी चष्मा पुसत खरोखर विचार केला असता आणि 'काही नाही' म्हणून सांगितलं असतं. त्यांच्यापुरतं ते बरोबरही होतं.

साल २००४. कॉलेज टेकडीखालचं, जुनं, दगडी इमारतीचं. तिथे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळणं अवघड आणि मिळाल्यावर टिकणं त्याहून अवघड. कॉम्प्युटरला पहिल्या वर्षी साठ मुलं घेतली की दुसऱ्या वर्षात पन्नासच्या आसपास पोचायची, बाकीची गणितात नाहीतर ड्रॉइंगमध्ये गळायची. अशा रिकाम्या जागांवर दुसऱ्या कॉलेजातली हुशार मुलं बदलीनं घेता येत होती. नियमात बसत होतं. पण तिथे तशी पद्धत नव्हती. "आमच्याकडे मधेच कुणी चढत नाही," असं तिथले प्राध्यापक पाहुण्यांना सांगत आणि रिकामी बाकं एखादा दागिना दाखवावा तशी दाखवत.

त्या वर्षी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं कळवलं, की तुमचा कॉम्प्युटरचा वर्ग आम्ही शेवटच्या वर्षी आख्खाच्या आख्खा उचलू, पण वर्ग पूर्ण साठाचा हवा. त्यांची प्रशिक्षणाची तुकडी साठाची होती, त्यांना सुटं वाण चालत नव्हतं. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष तात्याराव कापडाच्या धंद्यात मुरलेले. त्यांना ही भाषा लगेच कळली.

"मेहेंदळे, दुकानातली फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक समजतं, माल संपत आला," ते म्हणाले. "तुम्ही लोक रिकाम्या फळीला दर्जा म्हणता. सप्टेंबरअखेर विद्यापीठाला वर्गाची संख्या कळवता ना? तिथे साठ दिसू दे. ऑक्टोबरात प्राचार्य निवृत्त होतायत. पुढचं मी बोलायला नको."

पुढचं ते खरोखर बोलले नाहीत. श्रीनिवासराव प्रवेश समितीचे प्रमुख होते, त्यांना न बोललेलं ऐकू यायचं.

एकोणपन्नास मुलं पास होऊन दुसऱ्या वर्षात आली होती. आधी ती गळू नयेत याचा बंदोबस्त करणं भाग होतं. दर वर्षी चारसहा मुलं कॉम्प्युटर सोडून मेकॅनिकलला जायचा अर्ज करत. असली माणसं त्या काळातही शिल्लक होती. त्या जूनमध्ये असे सहा अर्ज आले. श्रीनिवासरावांनी नोटीस लावली, 'यंदा कॉम्प्युटर शाखेतून बाहेर बदली मिळणार नाही.' सहांतला एक अर्ज त्यांच्या मुलाचा, वरदचा होता.

"बाबा, ती नोटीस मलाही आहे का?" जेवताना वरदनं विचारलं.

"नोटीस सगळ्यांना आहे."

"पण मी घरात विचारतोय."

"घरातही तेच उत्तर. मेकॅनिकल करून करणार काय? पिंपरीत व्हीआरएस घेतलेल्यांची रांग बघून ये एकदा."

पद्मजाताई बँकेत होत्या. सही जुळली नाही की चेक परत पाठवायचा, हेच त्यांचं रोजचं काम होतं. त्या भात वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, एक काहीतरी सांगा. मेकॅनिकल एवढं वाईट असेल तर नोटीस लावायची वेळ आली नसती. आपोआपच कुणी गेलं नसतं."

श्रीनिवासरावांनी ताक मागितलं. वरदनं पुन्हा विषय काढला नाही.

मग राहिल्या अकरा जागा. जाहिरात दिली आणि पुणे जिल्ह्यातून अर्जांचा ढीग आला. पहिल्या वर्षाच्या मार्कांवरून क्रम लावला. आता अकरा जागांना अकराच मुलांना बोलवावं, हे कुणीही सांगेल. पण श्रीनिवासरावांना दुनिया ठाऊक होती. बदलीसाठी मुलाला आधीच्या कॉलेजची एनओसी लागते, आणि आपलं पहिलं आलेलं पोर कोणता प्राचार्य सुखासुखी सोडतो? चकरा मारायला लावेल, वडिलांना आणा म्हणेल, साहेब रजेवर आहेत म्हणेल, तोवर तारीख उलटेल. ते स्वतः तेच करत आले होते. म्हणून त्यांनी सतरा जणांना पत्रं पाठवली. निदान सहा अडवले जाणार हे ते धरून चालले. पत्रात बारीक टाइपात 'तात्पुरती निवड' असं लिहिलं होतं आणि खाली ठळक अक्षरांत, 'मूळ दाखला आणि एनओसी घेऊनच यावे.'

दाखला म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. तो काढला की मूल आधीच्या कॉलेजचं राहत नाही.

"सतरा?" पद्मजाताईंनी विचारलं. "आणि सगळेच आले तर?"

"येत नाहीत गं. माणसाचा स्वभाव असतो."

"कुणाच्या माणसाचा?"

सतरांपैकी पाच मुलं हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्यावर नव्यानंच उभ्या राहिलेल्या एका कॉलेजातली होती. तिथले प्राचार्य हिंमतराव. मागे एका बैठकीत श्रीनिवासरावांनी चारचौघांत त्यांना विचारलं होतं, "तुमच्याकडे लायब्ररी आहे, की नुसती खोलीच आहे?" सगळे हसले होते. हिंमतरावही हसले होते. तेव्हा या पाचांपैकी चुकूनमाकून एखादाच सुटून येईल, असं श्रीनिवासरावांनी धरलं.

ठरल्या दिवशी बाकीच्या कॉलेजांतून सात मुलं आली. ते प्राचार्य अगदी अंदाजाप्रमाणे वागले होते. आणि हिंमतरावांची पाचही आली, एनओसीवर हिरव्या शाईत सही आणि खाली 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' अशी ओळ. सात आणि पाच बारा. मंजूर संख्या साठ, तीत एकसुद्धा वाढवायची कुणाची टाप नव्हती.

मार्कांत बारावी होती श्रद्धा काळबांडे. अकराव्या मुलापेक्षा अर्धा टक्का कमी. म्हणजे पक्षपात झाला नाही, वशिला लागला नाही, सगळं स्वच्छ झालं. श्रद्धाबरोबर तिचे वडील वैजनाथ आले होते. मूळचे वाशीमकडचे, हडपसरच्या एका कारखान्यात लेथ चालवणारे. पुण्यात वीस वर्षं काढली तरी घाबरले की बोलणं गावाकडचं व्हायचं.

"साहेब, मले एक समजावून सांगा," ते म्हणाले. "तिकडून हिचा दाखला निघाला. इकडं जागा नाही म्हणता. मंग आज माही पोरगी कोन्या कॉलेजात हाये?"

"काळबांडे, निवड तात्पुरती आहे असं पत्रात स्पष्ट..."

"बाबा, थांबा," श्रद्धा म्हणाली. उंचीनं बेताची, आवाज शांत. "सर, 'तात्पुरती' मी वाचलं होतं. पण तुम्ही दाखला मूळ मागितला होता. मूळ दाखला मागणाऱ्यानं तात्पुरतं बोलावलं असेल, असं वाटलं नाही."

श्रीनिवासरावांनी त्यांना बाहेर बसवलं आणि हिंमतरावांना फोन लावला.

"हिंमतराव, पाचही जणांना एनओसी दिलीत तुम्ही?"

"दिली की. का, आणखी पायजेत?"

"तसं नाही. इतर कॉलेजं सहसा देत नाहीत."

"सर, माझ्याकडं कंपनी येत न्हाई, तुमच्याकडं येतीय. पोरांचं भलं व्हतंय, तर मी कशाला आडवा पडू?"

"त्यातली एक मुलगी तुम्हाला परत घ्यावी लागेल. काळबांडे."

हिंमतरावांच्या मागे सोलापूर रस्त्यावरचा हॉर्न वाजत होता.

"कशी घेऊ? पाचही जागा मी डिप्लोमा झालेल्या पोरांना दिल्या. दिवे घाटाच्या पल्याडची हायेत, कालच रुजू झाली. त्यातल्या कुणाला जा म्हणू?" मग आवाज खाली आला. "सर, रागावू नका, पण जागा किती व्हत्या?"

"अकरा."

"आन बोलावली किती?"

"सतरा."

"म्हंजी सहा जणांची वाट आमी अडवणार, ह्याची तुमाला खात्री व्हती. माझ्यावर लई भरवसा टाकलात, सर. तेवढा मी खोटा पाडला."

हिंमतराव यात टोमणा मारत होते की नुसतं सांगत होते, हे श्रीनिवासरावांना कळलं नाही. टोमण्यातलं त्यांना फार कळायचं, पण ते पेठेतल्या टोमण्यातलं.

त्यांनी श्रद्धाला सोमवारी यायला सांगितलं. सोमवारी सांगायला मात्र त्यांच्याकडे काही नव्हतं.

घरी विषय वरदनंच काढला. कॉलेजात बातम्या नोटीस बोर्डाच्या आधी पोचतात.

"माझी जागा द्या तिला. मी मेकॅनिकलला जातो. तिथे जागा आहेत, मी बघून आलोय."

"तू गप्प बस."

"का पण? मला हवंय, तिला हवंय. अडचण कुणाला आहे?"

"बाकीच्या पाच अर्जांना! प्रवेश समितीच्या प्रमुखानं नोटीस लावली आणि पोटच्या पोरासाठी काढली, म्हणतील. मग त्यांनाही सोडायला लागेल. सहा गेले, ही एक आली. पंचावन्न. आता पुन्हा कुणाला बोलवायला वेळही राहिलेला नाही."

"पंचावन्न झाले तर काय होतं?" पद्मजाताईंनी विचारलं.

काय होतं ते तिघांनाही माहीत होतं. श्रीनिवासरावांनी ते बोलून दाखवलं नाही. सरळ बोलून दाखवलं असतं, 'मला ती खुर्ची हवी आहे' म्हणाले असते, तर कदाचित त्या रात्रीच काहीतरी ठरलं असतं. त्याऐवजी त्यांना एक मधला रस्ता सुचला, आणि तो इतका सोयीचा होता की त्यात खोट असेल असं मनातही येईना.

रस्ता असा. श्रद्धानं वर्गात येऊन बसायचं. नाव दाखल नाही, हजेरी नाही, फक्त शिकायचं. सप्टेंबरअखेर विद्यापीठाला साठ ही संख्या जाईल. ती एकदा गेली की दुसऱ्या दिवशी नोटीस काढायची, वरदला मेकॅनिकलला सोडायचं, त्याच्या जागी श्रद्धाला घ्यायचं. बाकीच्या पाचांनाही जायचं तर जाऊ देत. संख्या तोवर कळवून झालेली असेल, तात्याराव काही वर्गात येऊन डोकी मोजणार नाहीत.

"अहो, तारीख उलटून गेलेला चेक आम्ही घेत नाही," पद्मजाताई म्हणाल्या.

"विद्यापीठ म्हणजे तुझी बँक नाही. तिथे दीनानाथ आहे. विलंब शुल्क घेऊन नोव्हेंबरपर्यंत नावं लिहून घेतो. किती वर्षं बघतोय मी."

हे खरं होतं. विद्यापीठाच्या नोंदणी विभागात दीनानाथ म्हणून अधीक्षक होते आणि त्यांच्या मोठ्या रजिस्टरात प्रत्येक कॉलेजच्या पानाखाली चार ओळी कोऱ्या सोडलेल्या असत. सगळं पुणं त्या चार ओळींच्या भरवशावर निवांत होतं.

सोमवारी वैजनाथांनी एकच विचारलं, "लिहून देता काय साहेब?"

"लिहून देता येण्यासारखं असतं तर प्रवेशच दिला नसता का?" श्रीनिवासराव म्हणाले. "माझा शब्द आहे."

वैजनाथांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं मान हलवली. जाणार कुठे होती?

श्रद्धा शेवटच्या बाकावर बसू लागली. हजेरीत साठ आकडे पुकारले जात आणि त्यानंतर सर वही मिटत. पहिल्या आठवड्यात मुलं तिला 'पाहुणी' म्हणत, दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडून असाइनमेंट मागू लागली. लायब्ररीचं कार्ड नव्हतं, म्हणून पुस्तकं वरदच्या कार्डावर घ्यायची. लॅबमध्ये एका मशीनवर दोघं, साठांना तीस मशीनं पुरत. एकसष्टावी ती, स्टूल ओढून वरदच्या शेजारी.

"तू माझ्या जागेची वाट बघतेयस, माहितेय ना तुला?" वरदनं एकदा विचारलं.

"माहितेय. जरा नीट वापर. मला चांगल्या स्थितीत हवीय."

"हा प्रोग्रॅम रनच होत नाहीये यार."

"लूप संपतोय कुठे तुझा? बघ तरी. आणि माझं नाव लागेपर्यंत नापास होऊ नकोस, प्लीज."

चाचणीचे पेपर ती सगळ्यांबरोबर लिहायची. गुण मिळायचे, फक्त ते कुठे चढायचे नाहीत. एकदा डेटा स्ट्रक्चरच्या चाचणीत ती वर्गात पहिली आली. पेपर श्रीनिवासरावांनीच तपासला होता. त्यांनी मार्क लाल शाईत लिहिले, पेपर तिच्या हातात दिला आणि वर्गात दुसऱ्या आलेल्या मुलाचं नाव पहिला म्हणून वाचलं. ते आवाज न चढवता, न उतरवता वाचलं. श्रद्धानं पेपराची घडी केली आणि दप्तरात ठेवली. तिच्या शेजारी वरद खिडकीबाहेर बघत बसला.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी कॉम्प्युटर, दुसरं वर्ष, साठ अशी संख्या कळवली गेली. तात्यारावांनी संध्याकाळी फोन केला. "मेहेंदळे, कंपनीला कळवलंय. आता एक चांगला सूट शिवून घ्या, कापड आपल्या दुकानात आहे." श्रीनिवासराव हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्द पाळला. कुणी आठवण केली नव्हती, कुणी मागे लागलं नव्हतं. सकाळी नोटीस काढली, वरदचा बदलीचा अर्ज आणि श्रद्धाचे कागद फाइलला लावले, आणि कारकुनाला न पाठवता स्वतः विद्यापीठात गेले. हे त्यांच्या जमेला धरायला हवं.

"या मेहेंदळे सर," दीनानाथांनी चहा मागवला. "अभिनंदन म्हणायचं का आताच?"

"ते राहू द्या. दोन नावं आहेत. विलंब शुल्क आणलंय."

दीनानाथांनी फाइल उघडली, वाचली आणि मिटली. टेबलावर जिथे रजिस्टर असायचं तिथे कॉम्प्युटर होता, अजून प्लॅस्टिकचं आवरण पुरतं न काढलेला.

"सर, रजिस्टर बंद झालं. यंदापासून सगळं याच्यावर."

"बरं मग याच्यावर घाला."

"बघा तुम्हीच." त्यांनी एका बोटानं कॉलेजचा क्रमांक टाकला. साठ नावांची रांग आली. खालची चौकट राखाडी झालेली होती, तिच्यावर कितीही टिचक्या मारल्या तरी काही होत नव्हतं. "कालची तारीख गेली की हे मिटतं. नावही घालता येत नाही, शाखाही बदलता येत नाही. मी पैसे घ्यायला तयार आहे सर, पण पावती कशाची फाडू?"

"हातानं लिहा कुठेतरी."

"कुठे लिहू? परीक्षेचा नंबर आता हेच देणार. यात नाव नसेल तर मुलगी हॉलमध्ये बसेल, पेपर लिहील, आणि तो पेपर कुणाचाच नसेल."

"मला कुणी सांगितलं नाही."

"जुलैत परिपत्रक आलं होतं, वाचून सही करून परत पाठवा म्हणून." दीनानाथ ओशाळल्यासारखे झाले. "तुमची सही सगळ्यांत आधी आली होती, सर. आम्ही म्हटलंसुद्धा, कॉम्प्युटरवाले आहेत, यांना लगेच कळलं."

श्रीनिवासराव कुलसचिवांकडे गेले, तिथून परीक्षा विभागात गेले, तिथून आणखी वर. सगळीकडे चहा मिळाला, आदर मिळाला. सगळ्यांनी शेवटी दीनानाथांनाच फोन करून विचारलं आणि दीनानाथांनी तेच सांगितलं. वीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं होतं, की यंत्राला ओळख कळत नाही, दिलेला नियम तेवढा कळतो. पहिल्या तासाला ते हेच वाक्य फळ्यावर लिहून सुरुवात करत.

हडपसरला ते रविवारी गेले. भाजी मार्केटच्या मागे दोन खोल्या होत्या. दारात वैजनाथांची सायकल, आत कॉटवर श्रद्धाची पुस्तकं. तिची आई गोदाबाईंनी पाणी दिलं आणि चहाला साखर किती, विचारलं. साहेब घरी आले म्हणजे काम झालं, अशा समजुतीनं त्यांनी शेजारून मागवलेली बिस्किटं बशीत काढून ठेवली होती.

श्रीनिवासरावांनी सांगितलं. फिरवून न सांगता सांगितलं. परिपत्रकावर आपण न वाचता सही केली, हेही सांगितलं.

गोदाबाईंनी विचारलं, "म्हंजे हे तीन महिने ही शिकली ते?"

"ते..." श्रीनिवासरावांनी कप खाली ठेवला.

"ते शिकलं, आई. ते कुठे जातंय," श्रद्धा म्हणाली.

"पुढच्या जूनमध्ये पहिली जागा हिची. मी स्वतः प्राचार्य असेन तेव्हा." शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि परत घेता येईना.

वैजनाथांनी बिस्किटांची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "साहेब, आमच्या कारखान्यात लेथवरचा जॉब बिघडला का तो बाजूला काढून ठेवतेत. कोनाच्या हातून बिघडला ते लिहितेत. तुम्ही इथवर आले, सोताच्या तोंडानं सांगितलं, हे चांगलं केलं. पन जॉब तर बिघडलाच ना?"

श्रीनिवासराव उठले. श्रद्धानं कॉटवरची तीन पुस्तकं उचलून पिशवीत घातली.

"सर, ही वरदच्या कार्डावर आहेत. मंगळवारी परत करायचीत, नाहीतर त्याला दंड बसेल. तुम्ही नेता का?"

त्यांनी पिशवी घेतली. स्कूटरचा हूक वाकलेला होता, पिशवी त्यात बसेना. श्रद्धा पुढे झाली आणि तिनं ती अडकवून दिली.

ऑक्टोबरात श्रीनिवासराव प्राचार्य झाले. काम त्यांनी खरोखर बरं केलं. पुढच्या जूनपासून त्यांनी नियम बदलला, की प्रवेश पक्का होईपर्यंत कुणाकडूनही मूळ दाखला मागायचा नाही, नकलेवर भागवायचं. पुढे आणखी काही कॉलेजांनी तो नियम उचलला, आणि त्यामुळे कुणाकुणाची वर्षं वाचली हे त्या मुलांनाही ठाऊक नसेल. जूनमध्ये त्यांनी श्रद्धाला पत्र पाठवलं. आली नाही. हिंमतरावांनी तिला आदल्याच आठवड्यात बोलावून दुसऱ्या वर्षाला बसवलं होतं. मधलं वर्ष तिनं येरवड्याच्या एका कॉल सेंटरमध्ये अमेरिकेतल्या लोकांच्या टेलिफोन बिलांच्या तक्रारी ऐकण्यात काढलं.

आता कुणाचं काय झालं ते. तात्यारावांची फळी भरलेली दिसली. कंपनीला सबंध तुकडी मिळाली. ती मुलं २००७ साली बाहेर पडली आणि त्याच पावसाळ्यात हिंजवडीच्या बसमध्ये बसली, वरदसुद्धा. त्याला बसायचं होतं का, हे विचारायची मुदतही त्या राखाडी चौकटीत मिटली होती. हिंमतरावांना पुढे 'आमची चार मुलं तिथे आहेत' असं माहितीपुस्तकात छापता आलं. दीनानाथ सन्मानानं निवृत्त झाले.

श्रद्धाचं एक वर्ष गेलं, असं सगळे म्हणतात. पण वर्ष म्हणजे सुटं नाणं नव्हे, की एक हरवलं तर एकच हरवतं. ती २००८ साली पास झाली, हातात कंपनीचं पत्र होतं, आणि त्या साली अमेरिकेतल्या बँका बुडाल्या. पत्र खरं होतं, रुजू व्हायची तारीख तेवढी येत नव्हती. यायला सव्वा वर्ष लागलं. मधल्या काळात वैजनाथांच्या कारखान्यानं दुसरी पाळी बंद केली.

श्रद्धाला एक धाकटा भाऊ होता, शुभंकर. तो २००९च्या जूनमध्ये बारावी झाला आणि त्याचाही इंजिनिअरिंगला नंबर लागला. ताई वर्षभर आधीच कमावती झालेली असेल आणि त्याची फी भरेल, असं घरात गृहीत होतं, पण तिची रुजू व्हायची तारीख अजून आलेली नव्हती. त्यानं प्रवेश घेतला नाही, कॉमर्सला नाव घातलं आणि मगरपट्ट्याजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात उभा राहिला. कुणाला दोष दिला नाही. कुणाला द्यायचा हे त्याला ठाऊकही नव्हतं. सतरा बोलावण्यांत तो नव्हता, अकरा जागांत नव्हता, साठाच्या संख्येत तर नव्हताच. एक वर्ष श्रद्धानं भरलं. बाकीचं सगळं त्यानं.